अर्ध्या आगीवरचं गाव

सकाळची पाळी बदलत असताना दोन नंबरच्या बॉयलरमधली एक नळी बेसूर वाजायला लागली. ते कुणालाही ऐकू आलं नाही. ऐकू येण्यासारखं नव्हतंच.

"ताई, जरा इकडं या," रमजान मुजावरांनी नियंत्रण कक्षाच्या दारातून हाक मारली. रमजानभाई रेंदगावच्या वाफ केंद्राचे मुख्य फोरमन. बॉयलरच्या घरघराटात आयुष्य गेल्यामुळे हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. आज ते हळू बोलले, म्हणून त्रिशला मगदूम हातातला चहा तसाच ठेवून उठली.

पडद्यावर बॉयलरच्या पोटातल्या नळ्यांच्या रांगा दिसत होत्या. सगळ्या हिरव्या. मागच्या भिंतीजवळ, जिथं नळ्या वळण घेऊन वर जातात तिथं, एक पिवळी झाली होती. शेजारी 'कानोसा'नं, म्हणजे केंद्राच्या संगणकानं, आपल्या नेहमीच्या कोरड्या भाषेत लिहिलं होतं: नळी झिजली आहे. काही दिवसांत फुटण्याचा संभव.

"दाब?" त्रिशलानं विचारलं.

"जागच्या जागी. पाण्याची पातळी जागच्या जागी. धूर स्वच्छ. मी काचेतून आग पण बघून आलो. एखाद्या तगड्या माणसाला डॉक्टरनं आयसीयूत घालायला सांगावं, तसं चाललंय हे."

त्रिशला खुर्चीत बसली आणि गेल्या महिनाभरातले त्या नळीचे आवाज एकापाठोपाठ एक तपासू लागली.

रेंदगाव हे पंचगंगेच्या काठचं कापड रंगवणाऱ्यांचं गाव. साठेक प्रोसेस, म्हणजे रंगाचे कारखाने. रंगाला गरम पाणी लागतं आणि गरम पाण्याला वाफ लागते, म्हणून एके काळी इथं प्रत्येकाचा स्वतःचा बॉयलर होता आणि प्रत्येक बॉयलरची स्वतःची चिमणी. त्रिशलाच्या लहानपणी आई देवळात जायचं पांढरं पातळ घरात, पंख्याखाली वाळत घालायची, कारण गच्चीवर घातलं तर त्यावर काजळीचे ठिपके पडायचे. पुढं सगळ्यांनी मिळून एक करार केला. गावाबाहेर एक वाफ केंद्र उभारायचं, तिथं दोन मोठे बॉयलर बसवायचे, शेतातला टाकाऊ माल जाळायचा आणि गावभर नळानं वाफ पोचवायची. चिमण्या उतरल्या. ते केंद्र चालवायला कंट्रोल इंजिनीअर म्हणून आली ती त्रिशला.

पण शेतातला माल जाळणं सोपं नसतं. आज उसाचं चिपाड, उद्या शेंगांची टरफलं, परवा सोयाबीनचा भुसा. प्रत्येकाचा ओलावा वेगळा, जळायची तऱ्हा वेगळी. आगीला हवा कमी पडली तर अर्धवट जळालेला धूर निघतो. हवा जास्त झाली तर ती फुकटची हवा आगीतली उष्णता घेऊन चिमणीवाटे निघून जाते. मधली जागा अगदी अरुंद, आणि मालागणिक सरकणारी. जुने लोक काचेतून ज्वाळेचा रंग बघून पंखे कमी-जास्त करायचे, पण घराएवढ्या मोठ्या भट्टीत डावीकडच्या कोपऱ्यात काय चाललंय हे काचेतून दिसत नाही, आणि आत कुठलाही तापमापक फार दिवस टिकत नाही.

त्रिशलानं आग डोळ्यांनी बघण्याऐवजी कानांनी बघायची असं ठरवलं. आवाज तापलेल्या हवेतून जोरात पळतो, गार हवेतून सावकाश. तिनं भट्टीच्या चारी भिंतींत चिनी मातीचे कान आणि भोंगे बसवले. एका भिंतीतल्या भोंग्यानं चुर्रकन आवाज करायचा, समोरच्या कानांनी तो ऐकायचा. पोचायला किती वेळ लागला यावरून त्या रेषेवर किती उष्णता आहे हे कळतं. अशा शेकडो रेषा एकमेकींना छेदत गेल्या की आगीचं चित्र तयार होतं. डॉक्टर पोटातलं बाळ आवाजानं बघतात, तशीच ही आगीची सोनोग्राफी. मग 'कानोसा' प्रत्येक पंख्याला वेगळं सांगायचा, तू थोडा कमी हो, तू थोडा वाढ. केंद्राच्या चिमणीतून धूर दिसेनासा झाला, तो यामुळं.

पुढचा शोध मात्र अनपेक्षित होता. आगीच्या आवाजातली खरखर गाळून टाकताना तिच्या लक्षात आलं, की ही खरखर म्हणजे नुसती खरखर नाही. भोंगा वाजला की भट्टीतली एक एक नळी तिच्या तिच्या सुरात हलकेच किणकिणते. नळीची जाडी बदलली की सूर बदलतो. म्हणजे नळी फुटायच्या कितीतरी आधी ती झिजलीय हे ऐकू येऊ शकतं. हे तिनं प्रयोगात सिद्ध केलं होतं, परिषदेत मांडलं होतं. पण चालत्या बॉयलरमध्ये, दाब आणि तापमान ठाकठीक असताना 'कानोसा'नं 'फुटेल' असं म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती.

"काय करायचं?" रमजानभाईंनी विचारलं.

"बंद करायचा. सावकाश उतरवायला घ्या."

"आत्ता? हंगाम भरात आहे, ताई. गावातल्या लोकांना काय सांगायचं?"

"तुमची माणसं त्या वळणाच्या समोरच उभी असतात ना राख काढायला?"

रमजानभाईंनी नुसती मान हलवली आणि ते खाली गेले. थोड्या वेळानं दोन नंबरचा पंखा मंदावल्याचा आवाज तिला ऐकू आला.

अडचण पुढं होती. गावाला सकाळी आणि दुपारी वाफेची जी कडकडून भूक लागायची, तिला दोन बॉयलर लागत. एकट्यावर निम्मं गाव बंद पडलं असतं. आणि करारात एक कलम होतं: केंद्रानं पूर्ण एक दिवस पुरेशी वाफ दिली नाही, तर ज्यानं त्यानं आपला जुना बॉयलर पेटवावा. कित्येकांचे बॉयलर ताडपत्रीखाली शाबूत होते. पत्र्याची चिमणी चढवायला एक दिवस पुरे. एकदा एक पेटला की दुसरा पेटणार, आणि पेटलेला पुन्हा विझणार नाही, हे त्रिशलाला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी ती सुकुमारदादाकडे गेली.

सुकुमार चौगुले हा तिचा सख्खा मोठा भाऊ. गावातला सगळ्यात मोठा प्रोसेस त्याचा. वडिलांनी, आण्णांनी उभारलेला. चिमण्या उतरवायच्या ठरल्या तेव्हा त्यानं एवढंच मागितलं होतं, की आण्णांच्या चिमणीत जाळ करणार नाही, नुसती उभी राहू दे. एकाला सूट दिली की सगळे मागतील, म्हणून कराराच्या समितीनं नकार दिला. समितीत त्रिशला होती. तेव्हापासून सुकुमार तिला 'मॅडम' म्हणत असे. दिवाळीला ओवाळून घ्यायचा, ताटात घालायचं ते घालायचा, आणि 'येतो मॅडम' म्हणून जायचा. स्नेहलवहिनी दर वेळी मान फिरवून हसू दाबायची, पण ते हसण्यासारखं राहिलं नव्हतं.

तो खिडकीपाशी उजेडात काळ्या कापडाचे दोन तुकडे एकमेकांवर धरून बघत होता.

"मॅडम आज इकडं?"

"दादा, दोन नंबर बंद केलाय."

त्यानं तुकडे खाली ठेवले. तिनं कारण सांगितलं. टेक्स्टाईल केमिस्ट्रीत तो विद्यापीठात पहिला आलेला माणूस, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"माझ्या नळावरचा काटा सकाळपासून हललेला नाही," तो म्हणाला.

"काटा हलेल तेव्हा नळी फुटलेली असेल."

"आणि यंत्राला भास झाला असेल तर?"

"असू शकेल. उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि थंड व्हायला उद्याचा दिवस जाईल. पण मी त्यासाठी आले नाही. एका बॉयलरवर गाव चालवता येईल, दादा. सगळा हिशोब जुळतोय. तुम्ही सगळ्यांनी तुमच्या जेटचे व्हॉल्व्ह 'कानोसा'च्या हातात दिले तर."

जेट म्हणजे रंगाची बंद टाकी. तिच्यात कापड दोरासारखं फिरत राहतं आणि रंगाच्या पाण्यात शिजतं. पाणी तापवत न्यायचं, त्याला चढ म्हणतात. तेव्हा वाफ भरपूर लागते. मग एका ठरावीक उष्णतेवर ते धरून ठेवायचं, तेव्हा जवळजवळ लागतच नाही. चुलीवरून उतरवलेला हंडा बराच वेळ गरम राहतो तसं. गावाची दिवसभराची भूक एका बॉयलरच्या आवाक्यातली होती. दुसरा लागायचा तो फक्त सगळ्यांना एकदम भूक लागायची म्हणून. शेतीच्या पाण्याला पाळ्या लावतात तशा वाफेला लावल्या, एकाचा चढ चालू असताना दुसऱ्याला धरून ठेवायला लावलं, तर कुणाचंच काम अडणार नव्हतं. फक्त कुठल्या टाकीचं काय चाललंय आणि ती किती वेळ थांबू शकते, हे क्षणाक्षणाला कुणाला तरी माहीत हवं होतं.

सुकुमारनं हे सगळं अर्ध्या मिनिटात ओळखलं आणि त्यापुढचंही ओळखलं.

"माझा काळा कसा होतो, माहिती आहे ना तुला?" नकळत तो 'मॅडम' विसरला होता. "रंग सगळे बाजारातूनच आणतात. आण्णांनी शोधून काढलं ते काय? किती सावकाश चढवायचं, कुठं थांबायचं, किती थांबायचं. तोच चढ मी तुझ्या यंत्राला दाखवायचा?"

चौगुल्यांचा काळा धुऊन धुऊन लालसर पडत नसे. वकिलांचे कोट, छत्र्या, बुरख्याचं कापड, सगळं त्यासाठी या दाराशी यायचं.

"ती माहिती केंद्राबाहेर जात नाही."

"पण केंद्रात कोण बघू शकतं?"

"मी," त्रिशला म्हणाली.

"म्हणजे प्रश्न यंत्रावर विश्वास ठेवायचा नाहीच."

"नाही."

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. "संध्याकाळच्या बैठकीत बोलू, मॅडम."

ती केंद्रात परतली तेव्हा तिच्या मनावर ओझं होतं. एकीकडं बंद केलेला बॉयलर, दुसरीकडं गाव, आणि आपण ऐकलेला सूर चुकीचा असेल तर काय, ही एक टोचणी. तासाभरानं रमजानभाई आत डोकावले. "ताई, सुकुमारशेठ आलेत. म्हणतायत, मला तो आवाज ऐकवा."

सुकुमार आला तो तिच्याकडं न बघता कानांवर हेडफोन चढवून बसला. सकाळी बॉयलर चालू असताना टिपलेले आवाज त्रिशलानं माणसाच्या कानाला झेपतील इतके खाली आणले आणि लावले. एक एक नळी किणकिणू लागली. टिंग, टिंग, टिंग. बाजारात माठ घेताना बायका टिचकी मारून बघतात, तसे ते एका मापाचे, खणखणीत ठोके होते. सुकुमारचा चेहरा स्थिर होता. आणि मग एकदम मध्येच, ठक.

त्यानं डोळे वर केले. "परत लाव."

तिनं परत लावलं. पुन्हा त्याच जागी, ठक.

"किती दिवस असं वाजतंय?"

"थोडं थोडं, महिनाभर. आज जास्त."

त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले, रमजानभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला.

कारखानदारांच्या संघाच्या सभागृहात संध्याकाळी सगळे जमले. त्रिशलानं सांगायचं ते सांगितलं. सुरुवातीला सगळे एकदम बोलत होते. मग शांतिनाथ बुगटे उभे राहिले, तशी बाकीचे गप्प झाले. बुगटे म्हणजे गावातले दुसरे मोठे, आणि काळ्या रंगात चौगुल्यांचे पिढ्यान् पिढ्यांचे स्पर्धक.

"पोरीच्या हुशारीबद्दल आपली तक्रार नाही," बुगटे म्हणाले. "पण हिच्या हातात आमच्या सगळ्यांच्या जेट द्यायच्या, आणि हिचा भाऊ तिथं पहिल्या रांगेत बसलाय. भाऊ-बहीण आज बोलत नसतील, उद्या बोलतील. मग? त्यापेक्षा करारात लिहिलंय तसं करू. माझा जुना बॉयलर उद्या तयार होतोय."

दोन-चार माना हलल्या. त्रिशला उत्तर द्यायला उठणार, तोवर सुकुमार उठला होता. तो व्यासपीठावर चढला, फळ्यावरचं जुनं काहीबाही त्यानं पुसलं आणि एक आडवी रेघ ओढली, एक उभी. मग हळूहळू एक वाकडी रेषा काढायला लागला. थोडी चढलेली, मग सपाट, मग पुन्हा अगदी सावकाश चढलेली, मग एक अनपेक्षित लांब थांबा, मग शेवटचा चढ. प्रत्येक वळणावर त्यानं आकडा लिहिला.

खडूचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता. तिथं बसलेल्या प्रत्येकाला ते काय आहे हे कळत होतं. बुगट्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"हा आमचा काळा," सुकुमार म्हणाला. "आण्णांनी सात वर्षं घालवली होती यावर. हा मधला थांबा बघा, बुगटेकाका. तुमचा काळा लाल का पडतो, ते तिथं आहे. आता माझ्याकडं लपवायला काही नाही, त्यामुळं माझी बहीण माझ्यासाठी काय चोरेल, ही काळजी कुणी करू नये. माझ्या सगळ्या जेट आत्तापासून केंद्राच्या ताब्यात. मी तो आवाज ऐकून आलोय. ती नळी फुटली असती आणि समोर मुजावरांची माणसं असती. बॉयलर बंद केला ते बरोबर केलं. बाकी ज्याचं त्यानं ठरवावं."

तो खाली येऊन जागेवर बसला. खडूची पूड झटकताना त्यानं एकदा फळ्यावरच्या आण्णांच्या रेषेकडं बघितलं. दोन खुर्च्या सोडून बसलेल्या त्रिशलाला ते दिसलं, आणि तिनं मुद्दाम दुसरीकडं पाहिलं.

पहिला हात मागून वर झाला. मग दुसरा. मग बरेच. बुगटे सगळ्यात शेवटपर्यंत फळ्याकडं बघत बसले होते.

"माझ्या निम्म्या घ्या," ते अखेर म्हणाले. "निम्म्या माझ्या हातात."

दुसऱ्या दिवशी रेंदगाव एका बॉयलरवर चालायला लागलं. रंगारी सवयीनं व्हॉल्व्हकडं हात न्यायचे आणि मागं घ्यायचे. टाकी स्वतःच थोडी थांबायची, स्वतःच चढायची. सुरुवातीला तक्रारी आल्या, फोन आले, एका ठिकाणी फिका गुलाबी थोडा गडद आला. त्रिशला पडद्यासमोरून हलली नाही. दुपारच्या भुकेची वेळ जवळ आली तसे रमजानभाई तिच्या मागं येऊन उभे राहिले. रोज या वेळेला पडद्यावरची रेषा डोंगरासारखी उसळायची. आज ती किंचित फुगली आणि तशीच सपाट पुढं गेली.

"काचेतून बघून या, ताई," रमजानभाई म्हणाले. "अशी आग मी कधी बघितली नाही. देवापुढची समई जळावी तशी जळायलीय."

ते खरं होतं, आणि त्याला कारण होतं. मागणी स्थिर झाली तशी आगही स्थिर झाली. उसळत्या मागणीसाठी हवा नेहमी थोडी जास्त ठेवावी लागायची. आता 'कानोसा'नं ती आवळून आणली. तेवढ्याच मालातून जास्त वाफ निघू लागली. त्रिशलानं हिशोबात हे धरलंच नव्हतं.

त्याच दिवशी दोन नंबरचा बॉयलर हात लावण्याइतका थंड झाला. बॉयलर तपासणीसाठी आलेल्या शिंत्रे मॅडम डोक्याला दिवा बांधून आत शिरल्या, मागून त्रिशला. वळणावरची ती नळी बाहेरून अगदी शेजारणींसारखी दिसत होती, तांबूस राखेनं माखलेली. शिंत्रे मॅडमनी राख खरवडली आणि जाडी मोजायचं यंत्र टेकवलं. मग त्यांनी ते उचलून पुन्हा टेकवलं. शेवटी त्यांनी लहान हातोडी घेतली आणि हलकेच ठोकलं. हातोडीचं टोक आत गेलं. पत्र्याच्या डब्यासारखं.

शिंत्रे मॅडमनी हातोडी बाजूला ठेवली.

"मगदूम," शिंत्रे मॅडम म्हणाल्या, "इतकी वर्षं मी फुटलेल्या नळ्यांचे पंचनामे केलेत. न फुटलेलीचा हा पहिलाच." त्या हसल्या, आणि त्या राखेत बसून त्रिशलाही हसली.

खरी कसोटी लागली ती त्याच्या पुढच्या दिवशी. पहाटे वळवाची सर येऊन गेली होती आणि माल ओला आला होता. भट्टीच्या डाव्या कोपऱ्यात निळसर थंड डाग उमटला आणि पसरत चालला. 'कानोसा'नं पंखे वळवले, कोरडा माल पुढं ढकलला, पण वाफ कमी पडायला लागली, आणि मदतीला दुसरा बॉयलर नव्हता. गावभरच्या टाक्यांना थांबायचा निरोप गेला. बहुतेक थांबल्या. दाबाचा काटा सावरत होता, तेवढ्यात तो एकदम खाली आला.

"बुगट्यांच्या हातातल्या जेट," रमजानभाई म्हणाले. "घाबरून सगळे व्हॉल्व्ह उघडलेत त्यांनी."

त्रिशलानं फोन उचलला, पण तिच्या आधी पडद्यावर दुसरंच काही हललं. चौगुल्यांच्या सगळ्या टाक्यांची वाफ बंद झाली होती. चढावर असलेल्यांचीसुद्धा. हे 'कानोसा'नं केलं नव्हतं. तिनं दादाला फोन लावला.

"दादा, तुझा काळा चढावर आहे. मध्येच थांबवलास तर डाग पडतील."

"पडतील की. पुन्हा रंगवू. तुला दाब हवाय ना? घे."

"बुगट्यांना सांगू का?"

"त्यांना सांगू नकोस. त्यांना दिसतंय."

आणि खरंच दिसत होतं, कारण कुणाचा चढ कसा हे नाही, पण कोण एकूण किती वाफ घेतंय हे आता प्रत्येकाच्या कारखान्यातल्या पडद्यावर दिसायचं. चौगुल्यांच्या नावापुढं शून्य होतं आणि बुगट्यांच्या नावापुढचा आकडा फुगलेला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बुगट्यांचा आकडा उतरू लागला. उतरत उतरत इतरांच्या बरोबरीला आला. आणि पडद्यावर एक छोटी ओळ उमटली: बुगटे यांच्या उरलेल्या जेट केंद्राच्या ताब्यात.

रमजानभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग कोरडा माल भट्टीत पोचला, निळा डाग आकसत गेला, काटा जागेवर आला आणि गावभरच्या टाक्या एकामागून एक पुन्हा चढू लागल्या.

पुढच्या दोन दिवसांत नवी नळी बसली. पाण्याचा दाब देऊन बॉयलर तपासून झाला, शिंत्रे मॅडमनी सही केली. दुपारी संघाचे बरेच लोक केंद्रात आले. सुकुमार होता, बुगटे होते. रमजानभाई पेटती मशाल हातात घेऊन भट्टीच्या दारापाशी उभे राहिले.

"पेटवू?" त्यांनी त्रिशलाला विचारलं.

त्रिशला बोलणार होती, पण बुगटेच बोलले. "कशाला? कुणाला काय कमी पडतंय?"

सगळे एकमेकांकडं बघू लागले. कुणालाच कमी पडत नव्हतं. गावाच्या प्रत्येक कारखान्यात नेहमीइतकं कापड रंगत होतं. शेडमध्ये मालाचे ढीग निम्मे शिल्लक होते.

"म्हणजे हा दुसरा जाळ," सुकुमार सावकाश म्हणाला, "आपण एवढी वर्षं नुसता एकमेकांपासून लपवायला जाळत होतो."

रमजानभाईंनी मशाल पाण्यात बुडवली. चर्र आवाज झाला. कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले, बुगटेही. सुकुमारनं बहिणीच्या पाठीवर थाप मारली. "चल त्रिशू, घरी जेवायला. वहिनी सकाळपासून तीनदा विचारून गेलीय."

त्या संध्याकाळी जेवताना ते दोघं इतकं बोलले, की स्नेहलवहिनीनं भाकऱ्या दोनदा गरम केल्या.

त्यानंतर वर्षभरानं नदीपलीकडच्या गावातली माणसं आली. त्यांच्याकडंही रंगाचे कारखाने होते, चिमण्या होत्या, आणि एकमेकांवरचा संशयही होता. त्यांच्याशी बोलायला सुकुमार आणि बुगटे एकाच गाडीतून गेले, एकदा नाही, कितीतरी वेळा. पुलाच्या कडेनं जाड नळ टाकला गेला. आणि एका स्वच्छ सकाळी, दोन्ही गावांचे लोक केंद्राच्या आवारात जमले असताना, रमजानभाईंनी दोन नंबरचा बॉयलर अखेर पेटवला.

त्रिशला पडद्यासमोर होती. आग धरली, पसरली, एकसारखी झाली. नळ्या सुरात होत्या. दाब चढला. तिनं पुलाकडचा व्हॉल्व्ह थोडा उघडला, मग आणखी, मग पूर्ण. नळ तापत तापत पलीकडं पोचायला वेळ लागणार होता. सगळे थांबले. फोन वाजला तेव्हा तिनं तो स्पीकरवर टाकला.

पलीकडून एका बाईचा आवाज आला, मागं बराच गलका होता.

"आली," ती म्हणाली. "वाफ आली. आम्ही चिमणी उतरवायला घेतोय."